सात एकर कुरण आणि नत्राचं भांडण

लंडनच्या उत्तरेला, हार्पेंडन गावाला लागून रॉथॅमस्टेड नावाची जुनी इस्टेट आहे. तिथल्या ब्रॉडबॉक शेतातला गव्हाचा प्रयोग कृषी महाविद्यालयात शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. माझं मन मात्र वर्षानुवर्षं त्याच इस्टेटीतल्या दुसऱ्या एका तुकड्यात गुंतलं आहे. ते सुमारे सात एकरांचं कुरण आहे, नाव ‘पार्क ग्रास’. १८५६ साली तिथे पट्टे आखले गेले आणि प्रत्येक पट्ट्याला वेगळं खत ठरवून दिलं गेलं. बहुतेक पट्ट्यांवरचा तो शिरस्ता आजही चालू आहे. त्याआधी किमान शंभर वर्षं त्या जमिनीला नांगर लागला नव्हता, आणि नंतरही लागलेला नाही. जूनच्या मध्याला गवत कापायचं, वजन करायचं, नमुना ठेवायचा. शरद ऋतूत दुसरी कापणी.

या कुरणाविषयी जे काही हाती लागलं ते मी वाचत गेलो. खत आणि वैरण यांचा हिशेब त्यात आहेच. पण त्याच कागदांत एक भांडणही दडलेलं आहे. ते नत्रावरून झालं, आणि त्याचा निकाल कुरणात उगवून आलेला असतानाही तो समजायला तीस वर्षं लागली.

भांडणातला एक पक्ष जर्मनीतला, युस्टुस फॉन लीबिग. १८४० साली त्यांचा शेतीरसायनावरचा ग्रंथ आला आणि युरोपभर गाजला. पीक जमिनीतून नेतं ती खनिजं. ती परत करा, नत्राची तजवीज हवा आणि पाऊस करतील, असा त्यांचा पुढे पक्का होत गेलेला सिद्धान्त. त्या आधारावर त्यांनी खतही काढलं आणि इंग्लंडमध्ये विकायला आणलं. खनिजं वाहून जाऊ नयेत म्हणून ती वितळवून घट्ट केलेली होती. ती इतकी घट्ट झाली की पाण्यात विरघळेनात. पिकाच्या मुळांना त्यांचा काहीच उपयोग झाला नाही.

दुसरा पक्ष रॉथॅमस्टेडचा. इस्टेटीचे मालक जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ साली सुपर फॉस्फेटचं पेटंट घेतलं होतं आणि खताच्या कारखान्यावर पैसा कमावला होता. १८४३ पासून त्यांच्या सोबतीला जोसेफ हेन्री गिल्बर्ट आले. तरुणपणी बंदुकीच्या अपघातात गिल्बर्टांची एका डोळ्याची दृष्टी गेली होती. रसायनशास्त्राची पदवी त्यांनी मिळवली होती गीसेनला, खुद्द लीबिग यांच्या हाताखाली. लॉज आणि गिल्बर्ट यांची जोडी सत्तावन्न वर्षं टिकली. त्यांच्या गव्हाने दाखवून दिलं की नुसती खनिजं घालून पीक फारसं वाढत नाही, अमोनियाचे क्षार घातले की वाढतं. गुरूंना ते सहन झालं नाही. १८५५ साली लीबिग यांनी या इंग्लिश प्रयोगांवर टीका करणारं पुस्तकच लिहिलं, आणि रॉथॅमस्टेडनेही त्याच वर्षी लांबलचक उत्तर छापलं. पुढच्याच वर्षी कुरणात पट्टे आखले गेले.

गव्हाच्या शेतात एकच पीक असतं. खत लागू पडलं तर ते वाढतं, नाही पडलं तर खुजं राहतं. कुरणाचं तसं नसतं. तिथे गवतं, द्विदलं आणि रानफुलं एकमेकांना खेटून, एकमेकांची जागा घेत वाढतात. खत कोणाला पोसतं आणि कोणाला हुसकावतं, हे तिथेच कळतं. फार थांबावंही लागलं नाही. दोन-तीन वर्षांतच पट्टे एकमेकांपासून इतके वेगळे दिसू लागले की जणू प्रत्येकात निराळं बी पेरलं असावं, असं लॉज-गिल्बर्ट यांनी १८५९च्या अहवालात नोंदवलं. बी तर कुणीच पेरलं नव्हतं.

तीन पट्टे जवळून पाहू. तीन नंबरच्या पट्ट्याला १८५६ पासून कोणतंही खत दिलेलं नाही. तिथे गवत विरळ आणि आखूड, पण त्यात चाळिसेक जाती नांदतात. नऊ नंबरच्या पट्ट्याला स्फुरद, पालाश, सोडियम, मॅग्नेशियम आणि हेक्टरी ९६ किलो नत्र, अमोनियम सल्फेटच्या रूपात. तिथली वैरण काहीच न दिलेल्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक. पण जिथे चुना पडला नाही तिथे द्विदलं गेली, फुलझाडं गेली आणि मोजक्या गवतांचंच राज्य उरलं. हेक्टरी १४४ किलो नत्राच्या पट्ट्यावर चुन्याशिवाय तर जवळपास एकटं यॉर्कशायर फॉग हे लवदार पानाचं गवत माजलं. तिसरा, सात नंबरचा पट्टा. नऊ नंबरला मिळतं ते सगळं याला मिळतं, फक्त नत्र नाही. या पट्ट्याकडे पुन्हा यायचंच आहे.

नत्राने गवत वाढतं म्हणजे नेमकं काय होतं? गवताची मुळं वरच्या थरात दाट पसरलेली असतात, त्यामुळे विरघळलेलं नत्र तीच आधी उचलतात. त्या नत्रातून पानातली प्रथिनं आणि हरितद्रव्य तयार होतं, फुटवे वाढतात, पात लांब-रुंद होते. उंच गवताची सावली खाली पडली की जमिनीलगत पान पसरणाऱ्या झाडांना ऊन मिळेनासं होतं आणि ती मरतात. पण नत्राला जोडीदार लागतात. एकट्या नत्रावर ठेवलेल्या पट्ट्यांनी वैरणीत काही भर घातली नाही, कारण स्फुरद आणि पालाश यांचा साठा आधीच आटला. नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी आपले शेतकरी एका दमात म्हणतात. ती एका दमात का म्हणायची, याचा पुरावा या कुरणात उभा आहे.

नत्र कोणत्या रूपात दिलं, यानेही फार फरक पडला. अमोनियम जमिनीत पडलं की जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि त्या क्रियेत आम्ल तयार होतं. वर्षानुवर्षं हे चाललं आणि अमोनियम सल्फेटच्या बिनचुन्याच्या पट्ट्यांत सामू चारच्याही खाली उतरला. गांडुळं नाहीशी झाली. त्यामुळे वाळलेलं गवत कुजेना. त्याचा तपकिरी, लवचीक थर जमिनीवर साचत गेला. शेजारी चौदा नंबरच्या पट्ट्याला तेवढंच नत्र सोडियम नायट्रेटमधून मिळालं. तिथली जमीन आम्लधर्मी झाली नाही आणि जातीही इतक्या उडाल्या नाहीत. १९०३ पासून काही पट्ट्यांच्या अर्ध्या भागाला खडूची भुकटी देऊ लागले, तेव्हा एकाच खताच्या पट्ट्यात चुन्याच्या रेषेअलीकडे एक कुरण आणि पलीकडे दुसरंच, असं चित्र दिसू लागलं. पुढे १९७०च्या दशकात अभ्यासकांनी त्या रेषेच्या दोन्ही बाजूंचं स्वीट व्हर्नल गवत तपासलं. काही दशकांत, हाताच्या अंतरावर, एकाच जातीचे अनुवंशाने वेगळे झालेले गट त्यांना आढळले.

आता सात नंबर. ज्याला खनिजं दिली आणि नत्र दिलं नाही, त्या पट्ट्यात द्विदलं फोफावली. तांबडं क्लोव्हर, म्हणजे आपल्या बरसीमचंच भावंड, आणि पिवळ्या फुलांची मेडो व्हेचलिंग नावाची वेल. काहीच न दिलेल्या पट्ट्यापेक्षा तिथे वैरण कितीतरी जास्त निघाली, आणि त्या वैरणीतून दर वर्षी भरपूर नत्र बाहेर गेलं. ते आलं कुठून? कोणी घातलं नव्हतं. पावसातून येणारं नत्र रॉथॅमस्टेडलाच मोजलं होतं, ते फार अपुरं होतं.

याच काळात, याच इस्टेटीवर, त्या प्रश्नाचं उत्तर काचेच्या हंड्यांत शोधलं जात होतं. ते काम करणारा इव्हान प्यू हा पेनसिल्व्हेनियाचा तरुण मला या साऱ्या कथेत सर्वांत जवळचा वाटतो. त्याने जर्मनीत डॉक्टरेट घेतली आणि १८५७ साली तो रॉथॅमस्टेडला आला. वनस्पती हवेतलं नत्र घेतात की नाही, यावर फ्रान्समध्ये बूसँगो आणि व्हिल यांच्यात वाद पेटला होता. प्यूने तो निकालात काढायचं ठरवलं. माती भट्टीत लालभडक होईपर्यंत तापवली, म्हणजे तिच्यात नत्राचा अंशही राहू नये. रोपांवर काचेच्या हंड्या पालथ्या घातल्या, त्यांच्या कडा पाऱ्यात बुडवल्या. आत जाणारी हवा गंधकाच्या आम्लातून धुऊन घेतली. गहू, जव आणि ओटबरोबर घेवडा, वाटाणा, क्लोव्हरही लावले. रोपं खुरटी राहिली. शेवटी हिशेब केला, तर बियात होतं त्याहून जास्त नत्र रोपांत आढळलं नाही.

लॉज, गिल्बर्ट आणि प्यू या तिघांच्या नावावर तो प्रबंध १८६१ साली रॉयल सोसायटीने छापला. वनस्पती हवेतलं नत्र घेत नाहीत, हा निर्णय त्यामुळे जवळपास अंतिम ठरला. प्यू मायदेशी परतला, आजच्या पेन स्टेट विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष झाला आणि १८६४ साली, छत्तिसाव्या वर्षी वारला. आपला प्रयोग कुठे अडला होता हे त्याला कधीच कळलं नाही.

तो अडला होता त्या भट्टीत. मातीतलं नत्र जाळताना मातीतले जिवाणूही जळाले, आणि द्विदलांच्या मुळांवर गाठी धरून हवेतलं नत्र बांधणारे तेच होते. प्यूची काटेकोर शुद्धताच त्याला उत्तरापासून दूर घेऊन गेली. थोड्या अंतरावर सात नंबरच्या पट्ट्यात, न भाजलेल्या मातीत, तेच जिवाणू उघड्यावर काम करत होते.

गिल्बर्ट डोळेझाक करणारे नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवं. द्विदलांचं नत्र येतं कुठून, हा प्रश्न त्यांनी कधीही सोडला नाही. कुरणातल्या गवताचे नमुने हाताने निवडून, जातवार वेगळे करून वजन करण्याचं अफाट काम १८६२, १८६७, १८७२ आणि १८७७ साली झालं. मॅक्सवेल मास्टर्स या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या साथीने त्याचा वृत्तान्त १८८२ साली आला. द्विदलं खनिजांनी वाढतात आणि नत्राने मागे पडतात, हे त्या आकड्यांत लख्ख दिसतं. मग गिल्बर्टांनी जमिनीच्या खोल थरांतून नमुने काढले; या झाडांची मुळं खालचं नत्र वर आणत असतील, असा त्यांचा तर्क होता. स्वतःच्या काचेच्या प्रयोगावर त्यांचा इतका विश्वास होता की ते खाली शोधत राहिले.

१८८६ साली बर्लिनच्या संमेलनात संशोधक हेल्रीगेल यांनी जाहीर केलं की द्विदलं मुळांवरच्या गाठींच्या साह्याने हवेतलं नत्र मिळवतात. गिल्बर्ट त्या सभेत हजर होते, वय सत्तरीला टेकलेलं. ते परतले, रॉथॅमस्टेडला प्रयोग नव्याने लावले, निकाल हेल्रीगेल यांच्या बाजूने लागला आणि तो त्यांनी छापून मान्य केला. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम हेच. लीबिग यांना स्वतःच्या शिष्याचं बरोबर आहे असं म्हणणं जमलं नाही. शिष्याला ते एका परक्या संशोधकाबाबत म्हातारपणी जमलं.

गिल्बर्टांची दुसरी बाजूही आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन १८७६ पासून रॉथॅमस्टेडला अमोनियाचं नायट्रेट कसं होतं याचा शोध घेत होते आणि हे काम सजीवांचं आहे हे त्यांनी पक्कं केलं. पण गिल्बर्टांशी त्यांचं जमलं नाही, आणि १८९०च्या सुमारास त्यांना बाहेर पडावं लागलं. त्यांची मुलगी कॅथरिन १९२१ साली त्याच संस्थेत रुजू झाली. झाडांना बोरॉन लागतं हे सिद्ध करणारी ती हीच. तिच्या ज्येष्ठ सहकारी विनिफ्रेड ब्रेंचली यांनी पार्क ग्रासवर मोठा ग्रंथ लिहिला होता. त्यांच्या मृत्यूनंतर कॅथरिनने तो सुधारून १९५८ साली प्रसिद्ध केला.

या कुरणाचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. डॉ. हॅरल्ड मान १९०७ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, पुढे मुंबई इलाख्याचे शेतीसंचालक झाले. पिंपळे सौदागर गावाची त्यांनी केलेली पाहणी १९१७ साली छापली गेली. आपल्याकडच्या ग्राम-अभ्यासाचा पाया तिने घातला. निवृत्तीनंतर, १९२८ पासून, ते इंग्लंडमधल्या वोबर्न केंद्रावर होते. हे केंद्र तोवर रॉथॅमस्टेडच्या ताब्यात आलं होतं. तिथल्या वाळूसर जमिनीत अमोनियम सल्फेटने इतकी आम्लता आणली होती की जवाचं पीकच बसलं, आणि चुना घातल्यावर ते उठलं. पिंपळे सौदागरच्या शेतकऱ्याची कर्जं आणि जमिनीचे तुकडे मोजणारा हा माणूस पुढे नत्राने थकलेल्या जमिनीवर काम करत राहिला.

आज पश्चिम महाराष्ट्रात दुधाचा धंदा करणाऱ्यांच्या बांधावर संकरित नेपिअर उभं असतं आणि प्रत्येक कापणीनंतर त्याला युरिया पडतो. त्यात चूक नाही. एकाच गवताचं पीक घ्यायचं तर त्याला नत्र हवंच, आणि गाईला वैरण आज हवी. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनी वोबर्नसारख्या चटकन आम्लधर्मीही होणार नाहीत. पण गायरानं आणि डोंगरी कुरणं सुधारायची भाषा सुरू झाली की तीच युरियाची गोणी पुढे येते, तिथे माझा विरोध आहे. पवना, मारवेल, शेडा यांच्यात रानद्विदलं मिसळलेली असतात, तिथे आधी स्फुरदाकडे बघावं, स्टायलोसारखं द्विदल सोडावं आणि नत्राचं काम मुळांवरच्या गाठींवर सोपवावं. सात नंबरचा पट्टा दीडशेहून अधिक वर्षं हेच करतो आहे आणि त्याला नत्राची एक गोणीही लागलेली नाही.

रॉथॅमस्टेडने १९८९च्या सुमारास नऊ आणि चौदा नंबरच्या पट्ट्यांच्या अर्ध्या भागाचं नत्र थांबवलं. २०१५ साली ‘नेचर’मध्ये त्याचा निष्कर्ष आला: नत्र थांबलं तिथे द्विदलं परतू लागली आणि जाती वाढल्या. म्हणजे नुकसान भरून निघू शकतं. पण ते भरून निघतंय हे कळलं, कारण शेजारी तीन नंबरचा पट्टा कोणी सुधारायला घेतला नव्हता आणि दर जूनमध्ये कोणीतरी गवत कापून मोजत होतं. आपल्या प्रत्येक कृषी विद्यापीठाच्या जमिनीत असा एक कुरणाचा तुकडा राखून ठेवावा आणि त्याची वही एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती द्यावी. एकरभर पुरे. त्याला लागणारा पैसा थोडा असेल, धीर मात्र मोठा लागेल.