कबड्डीतील सहेतुक माघार : एक विवेचन

रत्नागिरी जिल्ह्यात कबड्डी हा केवळ शाळेच्या मैदानावरील खेळ नाही. गावोगावच्या मंडळांचा, सणाउत्सवांतील सामन्यांचा आणि वाडीवाडीतील ईर्षेचाही तो खेळ आहे. प्रेक्षकांच्या टाळ्या बहुधा चढाई करणाऱ्याच्या वाट्याला येतात; पकड झालीच तर तिचे श्रेय बचावपटूच्या मनगटाला दिले जाते. वास्तविक पाहता चांगली पकड हात पडण्याच्या बऱ्याच आधी सिद्ध झालेली असते. ती कशी सिद्ध होते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

प्रथम मैदानाची मापे ध्यानात घेणे अवश्य आहे. पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला ६.५ मीटर खोलीचे अंगण येते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरांवर निदान रेषा आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा असते. बोनस रेषेच्या पलीकडे अंतिम रेषेपर्यंत अवघे १.७५ मीटर उरतात. दोन्ही बाजूंच्या १ मीटर रुंदीच्या राखीव पट्ट्या स्पर्श वा झटापट झाल्यावरच खेळात येतात. तोवर बचावाला ८ मीटरांचीच रुंदी उपलब्ध असते. चढाई करणाऱ्यास कोणाला स्पर्श न करता परतावयाचे असेल, तर निदान रेषा एकदा तरी ओलांडावीच लागते. या सर्वांसाठी त्याला ३० सेकंद मिळतात.

या मापांतून एक साधा सिद्धान्त निघतो. चढाई करणारा जितका खोल जाईल, तितका त्याचा परतीचा मार्ग लांबतो. बोनस रेषेवर पाय टेकविणाऱ्यास मध्यरेषा पावणेपाच मीटर दूर पडते. म्हणून बचावाचे पहिले कार्य त्याला अडविणे हे नसून त्याला आत येऊ देणे हे आहे. कोपऱ्यातील खेळाडू पाऊलभर मागे सरतो, घाबरल्याचा भास निर्माण करतो; चढाई करणाऱ्याची नजर आणि पाय त्याच्यामागे ओढले जातात. त्याच क्षणी हाताची साखळी धरलेले मधले खेळाडू त्याच्या पाठीशी, म्हणजे तो आणि मध्यरेषा यांच्यामध्ये, सरकतात. कोपऱ्यावरून घोट्याची पकड पडते, आणि परतीच्या वाटेवर माणसांची भिंत उभी असते.

अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘स्क्रीन पास’ नावाचा डाव याच तत्त्वावर उभा आहे. तेथे चेंडू फेकणारा खेळाडू जाणूनबुजून मागे सरतो. त्याचे रक्षक प्रतिपक्षाला क्षणभर रोखून मग सोडून देतात. आणि आक्रमक पुढे धावून गेले की त्यांच्या डोक्यावरून चेंडू जवळच्याच साथीदाराकडे जातो. तोवर रक्षक त्या साथीदारापुढे पडद्यासारखे उभे राहिलेले असतात. १९८८ पासून निघत आलेल्या ‘मॅडन’ मालिकेतील संगणकीय खेळांतही नवशिक्याच्या हातून हा डाव दोन प्रकारे फसतो: चेंडू घाईने सोडल्यास पडदा तयार झालेला नसतो, आणि चेंडू मिळताच साथीदाराला भरधाव पळविल्यास तो स्वतःच्याच रक्षकांना मागे टाकून एकटा पडतो. दोन्ही चुकांचे मूळ एकच, ते म्हणजे अधीरता.

कबड्डीतही अपयशाची कारणे याच जातीची आहेत. साखळी आधीच पुढे सरकली तर चढाई करणारा वळून तिलाच स्पर्श करतो आणि निसटतो. ती उशिरा सरकली तर कोपऱ्यातील खेळाडू एकाकी झुंजतो, आणि बलवान प्रतिस्पर्धी त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो. तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. माघार खरी वाटली नाही तर आमिष व्यर्थ जाते. परंतु ती फार खरी झाली तर पाय अंतिम रेषेबाहेर पडून बचावपटू स्वतःच बाद होतो. पावणेदोन मीटरांच्या पट्टीत हे भान राखावे लागते.

आमिष केव्हा दाखवावे, हे बऱ्याच अंशी नियमच ठरवितात. बचावात सहा किंवा सात खेळाडू असताना बोनस गुण मिळू शकतो. म्हणजे चढाई करणाऱ्यास खोल ओढणारे आमिष नियमांनीच मांडून ठेवलेले असते. पाच किंवा त्याहून कमी खेळाडू उरले की ते आमिष नाहीसे होते, आणि बचावाला ते स्वतःच्या देहाने निर्माण करावे लागते. तीन किंवा त्याहून कमी खेळाडूंनी पकड केल्यास दोन गुण देणारा अव्वल पकडीचा नियम या जोखमीचे मोल वाढवितो. सलग दोन चढाया निष्फळ ठरल्यावर तिसरीत गुण मिळविणे बंधनकारक असेल, तेव्हा तर चढाई करणाऱ्याला आत यावेच लागते. तेथे आमिषापेक्षा प्रतीक्षा अधिक उपयोगी पडते.

एक प्रश्न मात्र कोकणातील खेळाडूंच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. तांबड्या मातीच्या मैदानावर अकस्मात वळणाऱ्याचा पाय किंचित घसरतो, आणि साखळीला तो निमिष लाभतो. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगप्रमाणे मोठ्या स्पर्धांतून खेळ मॅटवर, बूट घालून होतो. तेथे वळण अधिक पक्के असते आणि निमिष आखूड होते. मातीवर अंगी बाणलेला मेळ मॅटवर जसाच्या तसा उतरेल, असे गृहीत धरता येत नाही. गावच्या मैदानावर अजिंक्य ठरलेला बचाव बाहेर कोलमडला, तर त्याचा दोष एकदम ताकदीला किंवा हिंमतीला देणे अन्यायाचे होईल; दोष कित्येकदा अर्ध्या पावलाच्या हिशेबात असतो. आणि तो हिशेब सरावाने नव्याने मांडता येतो.

तात्पर्य, सहेतुक माघार ही दुर्बलांची पळवाट नव्हे. एकाने मागे सरून धोका पत्करावयाचा आणि इतरांनी योग्य क्षणापर्यंत स्वतःस आवरून धरावयाचे, अशी ती सामुदायिक शिस्त आहे. मागे सरणाऱ्याला आपल्यामागून साखळी येणारच हा विश्वास नसेल, तर त्याची माघार खरोखरीचीच माघार ठरते.