वलगणीचा मासा आणि गळाचा हंगाम

मृगाच्या दोन-तीन जोरदार सरी झाल्या, माथेरानच्या कड्यांवरून तांबडं पाणी ओढ्यांना आलं, की नेरळच्या आसपासच्या गावांत रात्री बॅटऱ्या हिंडायला लागतात. वलगण लागलेली असते. उल्हास, पोशीर, शिलार या नद्यांतला मासा ओढ्यात शिरतो, ओढ्यातून रस्त्याखालच्या मोरीत आणि मोरीतून थेट भाताच्या खाचरात. घोटाभर पाण्यात पाठ उघडी टाकून तो वर सरकतो, बांधावर उड्या घेतो. येंडी, पाग, खोईन, नाहीच काही तर जुनी मच्छरदाणी. हाताला लागेल ते घेऊन माणसं उतरतात. खवली, मळे, शिंगटी, वाम, एखादी मरळ, सोबत चिंबोऱ्या. दोन-चार रात्रींत हा सगळा प्रकार आटोपतो.

अलीकडे या गर्दीत आणखी काही मंडळी दिसतात. शनिवारच्या लोकलने किंवा गाडीने येणारी, हातात कार्बनची काठी, रीळ, पेटीत रबरी बेडूक. एवढा मासा डोळ्यांना दिसतोय म्हणजे गळ टाकायचा हंगाम हाच, असा त्यांचा हिशेब असतो. तो चुकीचा आहे, आणि नुसता नीतीच्या अंगाने नाही, माशाच्या शरीरशास्त्राच्या अंगानेही चुकीचा आहे.

मासा वर का चढतो, इथून सुरुवात करू. फेब्रुवारीपासून दिवस लांबतो, पाणी तापू लागतं आणि माद्यांच्या पोटात अंडी भरायला लागतात. मेअखेर मादी तयार असते, पण अंडी सोडत नाही. उन्हाळ्यातल्या डोहात अंडी टाकून उपयोग नसतो. पाणी कमी, पिल्लांना खायला काही नाही आणि खाणारे मात्र पुष्कळ. मग पहिला पूर येतो. काही तासांत पाणी गार होतं, त्यातले क्षार पातळ होतात, ओढ जोर धरते, गढूळपणा वाढतो, भिजलेल्या मातीतली द्रव्यं पाण्यात उतरतात. यातला कोणता बदल किती मोलाचा, हे जातीजातीनुसार वेगळं. पण हे सगळे निरोप अखेर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीपाशी पोचतात. तिथून संप्रेरकं सुटतात, अंडी पक्व होतात आणि मासा प्रवाहाच्या उलट निघतो.

हे तर्काने सांगितलेलं नाही. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात पुराच्या नदीत अंडी घालतात. बंद तळ्यात ठेवले तर वर्षानुवर्षं घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशांच्या पिट्युटरीचा अर्क काढून तो कार्प माशांना टोचला आणि वाहत्या नदीशिवाय अंडी मिळवून दाखवली. पावसाने जो निरोप द्यायचा तो त्यांनी सुईने दिला. देशातली आजची मत्स्यबीज केंद्रं याच प्रयोगावर उभी राहिली, आणि १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

आता खाचरच का? चार-पाच महिने कोरडी पडलेली, शेणाराबाची जमीन पाण्याखाली गेली की दोन-तीन दिवसांत त्यात सूक्ष्म जीवांचा सुकाळ होतो. पाणी उथळ आणि कोमट. मोठे शिकारी मासे तिथे सहज येऊ शकत नाहीत. लहान जातींची अंडी एवढ्या उबेत साधारण दिवसभरात फुटतात आणि पिल्लाला तोंडाजवळच खाणं मिळतं. भाताची खाचरं ही नदीची पाळणाघरं आहेत, आणि नेरळच्या पट्ट्यात पावसाचं प्रमाण बघता ती भरपूर होती. ‘होती’ असं का म्हणतो, ते पुढे येईल.

गळाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की अंडी घालायला निघालेल्या बहुतेक माशांचं खाण्याकडे लक्ष नसतं. वलगणीला जुन्या माणसांनी जाळी आणि सापळे वापरले, गळ वापरला नाही, त्यामागे हा अनुभव आहे. त्यात पाणी इतकं गढूळ की डोळ्यांनी शिकार करणाऱ्या माशाला तुमचा महागडा रबरी बेडूक दिसतच नाही. अपवाद शिंगटीसारख्यांचा. तिच्या मिशांवर चव ओळखणाऱ्या पेशी असतात, त्यामुळे गढुळातही ती गांडुळापर्यंत बरोबर पोचते. म्हणून पावसाळ्यात पुलाखाली बसलेल्या पोरांच्या साध्या दोरीला शिंगटी लागते आणि शेजारच्या रीळवाल्याच्या हाती काही लागत नाही. हे दृश्य मी बऱ्याचदा मजेत पाहिलं आहे.

मरळ मात्र पावसाळ्यात गळाला सहज लागते, आणि तिथेच खरा घात होतो. मरळीला गळफड्यांच्या वर हवेतून श्वास घेण्याची सोय असते, म्हणून ओलसर गवतातून ती एका डबक्यातून दुसऱ्यात सरकू शकते. तिची पिल्लं लालसर पुंजक्याने पृष्ठभागाशी फिरतात आणि आई-बाप खाली राखण करतात. पुंजक्याजवळ काहीही पडलं की ते भुकेने नव्हे, रागाने झडप घालतात. रबरी बेडूक टाकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. राखणदार मासा उचलला की पिल्लं झपाट्याने दुसऱ्यांच्या पोटात जातात. एका फोटोसाठी शेकडो पिल्लं. मासा परत सोडला तरी तोवर उशीर झालेला असू शकतो.

पावसाबरोबर सगळेच मासे वर चढतात असंही नाही. याच रायगडात, खालापुरातून वाहणारी पाताळगंगा जिथे धरमतरच्या खाडीला मिळते तिथे उलटी वाट धरणारा एक मासा आहे: जिताडा. पेण-अलिबागच्या खारेपाटात घरापुढच्या तळ्यात जो पोसतात आणि पाहुण्यासाठी जो काढतात, तोच. त्याचं लहानपण गोड्या आणि मचूळ पाण्यात जातं, पण अंड्यांना खारं पाणी लागतं, म्हणून तो खाडीच्या तोंडाशी उतरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या सुमारास अंडी सुटतात आणि भरतीचं पाणी ती आत ढकलतं. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे जिताडा आधी नर असतो. सहा-आठ वर्षांचा झाला, लांबी ८० सेंटिमीटरच्या पुढे मीटरभराकडे गेली, की त्याच माशाची मादी होते. म्हणजे मोठा जिताडा मारणं म्हणजे जवळजवळ नेहमी मादीच मारणं.

ऑस्ट्रेलियात हाच मासा बॅरामुंडी या नावाने गळवाल्यांचा राजा आहे. तिथल्या उत्तर किनाऱ्यावर आपल्यासारखाच मॉन्सून असतो, फक्त महिने उलटे. क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी बॅरामुंडी पकडायला बंदी आहे, कारण तो विणीचा काळ. एरवीही ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा मासा ठेवता येत नाही. खालची मर्यादा कुणालाही समजते. वरची मर्यादा माशाची लिंगबदलाची रीत कळल्याशिवाय सुचणार नाही. आणि तिथले गळवाले वाट कशाची बघतात? पूर येण्याची नव्हे, पूर ओसरण्याची. मार्च-एप्रिलमध्ये डार्विनच्या आसपासच्या मेरी, डेली या नद्यांच्या काठची पूरमैदानं रिकामी होऊ लागतात, चऱ्यांमधून पाणी नदीत उतरतं, त्याबरोबर हंगामभर वाढलेली लहान मासळी उतरते, आणि चरीच्या तोंडाशी बॅरामुंडी आ वासून उभा असतो. वर्षातली सगळ्यात चांगली मासेमारी तेव्हा होते.

हेच गणित नेरळ-कर्जतला लावून पाहा. आश्विनात भात पिवळं पडतं, शेतकरी बांध फोडून खाचरातलं पाणी सोडतो. जूनमध्ये अंड्यातून निघालेली पिल्लं आता बोटभर झालेली असतात आणि त्या पाण्याबरोबर ओढ्यात, नदीत येतात. पाणी निवळलेलं असतं. विणीत रोडावलेले मोठे मासे भुकेले असतात. मोरीच्या तोंडाशी, ओढा नदीला मिळतो तिथे, सकाळी तासभर बसा. घटस्थापनेपासून थंडी पडेपर्यंतचा हा काळ गळाचा. मासा तेव्हा दिसत नाही, पण लागतो.

उन्हाळ्याबद्दल थोडं. कर्जत तालुक्यातली पेज नदी एप्रिल-मेमध्येही वाहते, कारण टाटांच्या भिवपुरी वीजघरातून सुटलेलं पाणी तिला मिळतं. हे वीजघर १९२२ पासून चालू आहे. खोपोलीच्या वीजघराचं पाणी असंच पाताळगंगेत येतं. हे मुळात घाटमाथ्यावरचं, कृष्णेच्या खोऱ्यातलं, बंगालच्या उपसागराकडे जाणारं पाणी. बोगद्यांतून आणि नळांतून ते कोकणात उतरवलं. त्यामुळे बाकीचे ओढे आटतात तेव्हा मासा या दोन नद्यांत टिकून राहतो आणि गळवालेही तिकडे वळतात. पण २० अंश सेल्सियसच्या लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. गळाशी दहा मिनिटं झुंजलेला मासा धावून दमलेल्या माणसासारखा प्राणवायूच्या उधारीवर असतो, आणि गरम पाण्यात ती उधारी फिटत नाही. ‘आम्ही पकडून सोडून देतो’ म्हणणाऱ्यांनी मे महिन्याच्या दुपारी सोडलेल्या माशांतले काही पुढे मरतात, हे ध्यानात घ्यावं.

आता त्या ‘होती’कडे. नेरळ, ममदापूर, कर्जतच्या रस्त्यांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत खाचरांच्या जागी इमारती आणि शेतघरांचे प्लॉट आले. मातीचा भराव पडतो, कुंपणाची भिंत उभी राहते, ओढ्याला सिमेंटचा पाट होतो. मासा पाऊस पडल्यावर नेमाने निघतो आणि भिंतीपाशी थांबतो. रस्त्याखालची मोरी खालच्या पाण्यापेक्षा हातभर उंच बसवली तरी खवलीसाठी ती भिंतच. पोशीर आणि शिलार या दोन्ही नद्यांवर मोठ्या धरणांना राज्य सरकारने २०२५ मध्ये मान्यता दिली आहे. मुंबई परिसराला पाणी हवं, हे खरं. पण या धरणांच्या आराखड्यांत वलगणीच्या माशाचा विचार व्हायला हवा, आणि तो बांधकामाआधीच होऊ शकतो. दुसऱ्या बाजूला तिलापियासारखा मासा आहे. १९५२ मध्ये तो भारतात आणला गेला. त्याला ना पूर लागतो, ना खाचर; मादी अंडी तोंडात सांभाळते आणि उबदार साठलेल्या पाण्यात वर्षभर वीण चालते. नद्या अडवत गेलो तर पुढच्या काळात गळाला काय लागेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

वलगण पूर्ण बंद करा असं म्हणणं मात्र मला पटत नाही. इथल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांमध्ये आषाढात हाताला काम कमी असतं आणि वलगणीची मासळी हे ताटातलं अन्न असतं. येंडीने धरलेल्या पसाभर माशांनी उल्हास कधी रिकामी झाली नाही. ती रिकामी होते ओढ्याच्या रुंदीभर बांधलेल्या बारीक जाळ्याने, ब्लीचिंग पावडरने, विजेच्या तारेने आणि सुरुंगाने. विष आणि सुरुंग यांना तर कायद्यानेच मनाई आहे. भूक भागवण्यासाठी मासे धरणारा आणि हौसेसाठी मासे धरणारा, दोघांना एकच नियम लावणं अन्यायाचं आहे. हौस थांबू शकते.

समुद्रात यांत्रिकी नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. नेरळ-कर्जतला काठी घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींनीही एवढेच दोन महिने गळ घरी ठेवावा. मरळीच्या पिल्लांचा पुंजका दिसला तर ती जागा सोडावी, बिनकाट्याचा गळ वापरावा, मासा ओल्या हातानेच धरावा, आणि येताना दसऱ्यानंतरची तारीख ठरवावी.