रात्री बोट बांधताना

सायकलला कुलूप लावून तुम्ही वर्गात जाता तेव्हा मनात एकच धास्ती असते, की कोणी सायकल पळवू नये. आता असे समजा, की सायकलऐवजी तुमच्याजवळ सतरा मीटर लांबीची आणि सुमारे पंधरा टन वजनाची पोलादी बोट आहे. ती नदीच्या काठाला दोन दोरांनी बांधलेली आहे आणि आत तुमचे सगळे कुटुंब गाढ झोपले आहे. अशी बोट चोराला खिशात घालून नेता येणार नाही हे खरे. परंतु रात्री काठाने भटकणाऱ्या एखाद्या टवाळ टोळक्याला ती सोडून देता येईल. त्याला ना ताकद लागते, ना अक्कल. एक गाठ सोडली की झाले!

इंग्लंडमध्ये ही धास्ती रोजची आहे. तिथे अठराव्या शतकात मालवाहतुकीसाठी कालव्यांचे जाळे खणले गेले. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने ट्रेंट आणि मर्सी नद्यांना जोडणारा कालवा आखला. त्याचे काम १७६६ ते १७७७ अशी अकरा वर्षे चालले. पाण्याची पातळी बदलते तिथे बोटी वर-खाली नेण्यासाठी त्यावर जलपाश, म्हणजे दोन्ही बाजूंना दरवाजे असलेले पाण्याचे हौद, बांधले. यांतले बरेचसे जेमतेम सात फूट रुंद ठेवले गेले. म्हणून तिथल्या बोटीही लांबलचक पण अरुंद, सुमारे दोन मीटर आठ सेंटिमीटर रुंदीच्या असतात. रेल्वे आणि मोटारी आल्या, मालवाहतूक गेली. बोटी मात्र राहिल्या. आज त्यांत लोक सुट्टी घालवतात, आणि हजारो लोक तर बारा महिने त्यांतच राहतात. संध्याकाळ झाली की टेम्स, ट्रेंट, सेव्हर्न यांसारख्या नद्यांवर किंवा कालव्याच्या काठाला बोट बांधायची, आणि सकाळी हवे तर पुढे निघायचे.

कालव्याचे पाणी जवळजवळ स्थिर असते. तिथे सुटलेली बोट फार तर समोरच्या काठाला जाऊन टेकेल. नदीची गोष्ट वेगळी. टेम्स नदीवर लेचलेडपासून टेडिंग्टनपर्यंत ४४ जलपाश आहेत आणि त्यांच्या जोडीला नदीचे पाणी अडवणारे बंधारे आहेत. सुटलेली बोट प्रवाहाबरोबर निघाली, की ती जलपाशाकडे वळेल की बंधाऱ्याकडे, हे बोट ठरवत नाही. पाणी जिकडे जास्त वाहते तिकडे ती जाते, म्हणजे बहुधा बंधाऱ्याकडेच. नदी जोरात असेल तेव्हा जलपाशांवर लाल फलक लावून बोटी हाकू नका असा इशारा देतात. हाकणारा जागा असतानाही इतका धोका, तर झोपलेल्यांचे काय?

आणि वेग कमी म्हणून निश्चिंत राहू नका. पंधरा टनांची बोट सेकंदाला एक मीटर, म्हणजे माणसाच्या रमतगमत चालीने, वाहत असली तरी तिचा संवेग एक टनाच्या मोटारीने ताशी ५४ किलोमीटरने धावताना जेवढा असतो तेवढा होतो. काठावरून हाताने ती थोपवू पाहणे म्हणजे शुद्ध वेडेपणा!

पण मला सर्वांत उद्बोधक वाटते ते दोन्ही दोर सोडल्यावर काय होते हे नव्हे, तर एकच सोडल्यावर काय होते हे. नदीवर बोट बांधताना तिचे नाळेकडचे, म्हणजे पुढचे, टोक प्रवाहाच्या उलट दिशेला ठेवतात. असे का? पाणी वस्तूला ढकलते ते बल मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, प्रवाहाला आडवे येणारे क्षेत्रफळ. दुसरी, वेगाचा वर्ग. बोट पाण्यात साठ सेंटिमीटर बुडालेली आहे असे धरू. समोरून येणाऱ्या पाण्याला तिचे सव्वा चौरस मीटरच क्षेत्रफळ आडवे येते, शिवाय नाळ निमुळती असते. सेकंदाला एक मीटर प्रवाहात दोरावर येणारा ओढा माझ्या ढोबळ हिशेबाने वीस किलोग्रॅम वजनाइतका निघतो. पाण्याची भरलेली मोठी कळशी उचलण्यासारखेच हे.

आता कोणीतरी नाळेचा दोर सोडला. प्रवाह नाळेच्या आणि काठाच्या मध्ये शिरतो, नाळ बाहेर लोटली जाते, आणि बोट मागच्या दोराभोवती दाराच्या फळीसारखी फिरू लागते. ती पूर्ण आडवी झाली की पाण्यासमोर सव्वा नव्हे, दहा चौरस मीटरची भिंत उभी राहते, आणि तीही सपाट. ओढा पाचशे किलोग्रॅमच्या घरात जातो. म्हणजे वीस किलोसाठी बांधलेल्या गाठीवर एकाएकी पंचवीसपट भार! नदीला पूर येऊन वेग दुप्पट झालेला असेल तर यालाही चाराने गुणा. दोर टिकला तरी काठावरची खुंटी उपटून येते. खोडी करणाऱ्याने एकच दोर सोडलेला असतो. दुसरा नदीच सोडते.

तेव्हा नाळेला एक नव्हे तर दोन स्वतंत्र दोर, आणि तेही काठावरच्या दोन वेगळ्या ठिकाणी बांधणे शहाणपणाचे. त्याहून चांगला उपाय म्हणजे नाळेवरून पाण्याच्या बाजूला नांगर टाकून ठेवणे. काठावरून जिथे कोणाचाही हात पोहोचत नाही असा बांधण्याचा हा एकच बिंदू असतो. नांगराची साखळी मात्र आखडती घेऊ नये. पाण्याच्या खोलीच्या पाचपट साखळी सोडली तर ती तळाशी सुमारे साडेअकरा अंशांचाच कोन करते. नांगर वर उचलला जाण्याऐवजी आडवा ओढला जातो आणि गाळात अधिक रुततो.

आता गाठीकडे वळू. गोल खुंटाभोवती दोराला वेढे दिले की तो कसा घट्ट बसतो, हे गाय बांधणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. याचे गणित लेओनार्ड ऑयलर (१७०७–१७८३) या थोर गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाते. त्यातली गंमत अशी, की वेढे वाढवल्यावर पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. दोर आणि लोखंड यांच्यातला घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याने पकड साडेसहापट होते. दोन वेढ्यांनी सहा अधिक सहा नव्हे, सुमारे ४३ पट. तीन वेढ्यांनी सुमारे २८५ पट. मघाचा पाचशे किलोचा ओढा तीन वेढ्यांच्या पलीकडे पावणेदोन किलोंत रोखता येईल. तुमच्यातला सर्वांत किरकोळ मुलगाही तो दोर एका हाताने धरून ठेवील!

हे खोटे वाटत असेल तर घरी करून पाहा. दोन खुर्च्यांच्या पाठींवर लाटणे आडवे ठेवून पक्के बांधा. सुतळीच्या एका टोकाला पाणी भरलेला, एकूण किलोभर वजनाचा लोटा बांधा. सुतळी लाटण्यावरून नुसती पलीकडे टाकली तर तो अर्धा वेढा झाला. लोटा खाली घसरू नये म्हणून दुसऱ्या टोकाला साधारण चारशे ग्रॅम अडकवावे लागतील. आणखी एक पूर्ण वेढा द्या, साठेक ग्रॅम पुरतील. आणखी एक दिला तर दहा ग्रॅमदेखील खूप झाले. चहाचा एक चमचा किलोभर लोटा तोलून धरतो! सुतळी खरखरीत की गुळगुळीत यावर आकडे थोडेफार बदलतील. लोट्याखाली उशी ठेवायला विसरू नका, नाहीतर आईची बोलणी खावी लागतील, आणि ती माझ्या नावाने.

आता चमचा काढून घ्या. लोटा धाडकन खाली येतो. वेढे तसेच, घर्षणांक तोच, मग झाले काय? पकड २८५ पट होते खरी, पण कशाच्या २८५ पट? मोकळ्या टोकावर जेवढा ताण असेल त्याच्या. तिथे ताण शून्य झाला की शून्याची २८५ पट शून्यच. म्हणजे दोराची सारी शक्ती त्याच्या शेपटात आहे, आणि शेपूट ज्याच्या हाती त्याच्या हाती बोट!

नवखा मनुष्य काय करतो? दोराचे एक टोक बोटीवर पक्के करतो, उडी मारून काठावर जातो, तिथल्या खुंटाला झकास गाठ मारतो आणि शेपूट काठावरच सोडून झोपायला जातो. रात्री जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाच्या पायाशी ते लोळत असते. मुरलेला नावाडी काठावरच्या कडीतून दोर नुसता ओवून घेतो आणि शेपूट परत बोटीवर आणतो. वेढे काठावर द्यायचेच नाहीत. ते बोटीवरच्या आडव्या दांडीच्या खुंटाला द्यायचे, तीन-चार भरपूर. काठावर सोडण्यासारखी गाठच उरत नाही. कोणाला ती सोडायचीच असेल तर बोटीवर चढावे लागेल, आणि चढला की बोट चुगली करते. सत्तर किलोंचा माणूस इतक्या अरुंद बोटीच्या कडेवर उभा राहिला तर ती कड सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खाली जाते. बोटीवर राहणाऱ्यांना तेवढ्यानेही जाग येते. मालकाला स्वतःला रात्री निघावे लागले, तर काठावर न उतरता त्याला दोर सोडता येतो, हा दुसरा फायदा.

सुरी घेऊन येणाऱ्यावर मात्र हा उपाय चालत नाही. म्हणून काठालगतचा दोन-तीन मीटर भाग साखळीचा ठेवतात. इंग्लंडमधील पुष्कळ काठांना पन्हाळीदार पोलादी पत्र्याची भिंत आणि तिला एक आडवी पट्टी असते. तिच्यामागून साखळी ओवता येते. पण संपूर्ण साखळीने बोट बांधावी हे मला पटत नाही. साखळी ताणली जात नाही. दुसरी बोट शेजारून गेली की आपली बोट हेलकावते. सेकंदाला दहा सेंटिमीटर या वेगाने सरकणारी पंधरा टनांची बोट दोर पाच सेंटिमीटर ताणून थांबली तर सरासरी दीडशे किलोंचा झटका बसतो. साखळीने ती अर्ध्या सेंटिमीटरात थांबवली तर दीड हजार किलोंचा. काठाजवळ साखळी आणि पुढे दोर, ही जोडी बरी. कडी नसेल तिथे जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकाव्या लागतात. त्या बोटीपासून दूर कललेल्या असाव्यात आणि जवळजवळ पूर्ण आत ठोकाव्यात. वर हातभर खुंटी राहिली, की उपटणाऱ्याला आयतीच तरफ मिळाली.

खोडसाळपणाचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्यात बोटीला हातसुद्धा लावावा लागत नाही. जलपाशाच्या दरवाजांत पाणी सोडण्याच्या झडपा असतात. रात्री कोणी त्या उघड्या टाकल्या तर दोन जलपाशांमधल्या कालव्याचे पाणी सकाळपर्यंत ओसरते. लीड्स-लिव्हरपूलसारख्या कालव्यावर याच कारणासाठी काही झडपांना वेगळे कुलूप बसवले आहे. त्याच्या किल्लीला बोटवाले ‘हातकडीची किल्ली’ म्हणतात. पाणी खाली गेले तर नीट बांधलेली बोट तळाच्या गाळावर बसते, एवढेच. घट्ट आवळलेली बोट मात्र एका कडेने दोराला लोंबकळते, कलते, आणि खालच्या कडेवरून पाणी आत येऊ लागते.

मग दोर सैल ठेवावा का? फार सैल ठेवला तर बोट काठावर आदळत राहील. इथे पायथागोरस मदतीला येतो. एक मीटर लांबीचा आखूड दोर काठापासून सरळ बोटीला बांधला आहे आणि पाणी अर्धा मीटर उतरले असे समजा. त्या दोराला आता सुमारे ११२ सेंटिमीटर व्हावे लागेल, म्हणजे शेकडा बारा ताणावे लागेल. तोच दोर काठाच्या कडेने तिरपा, पाच मीटर लांब नेला असता तर त्याला फक्त अडीच सेंटिमीटर वाढावे लागले असते, शेकडा अर्धा! म्हणून पुढचा दोर आणखी पुढे, मागचा आणखी मागे, असे लांब तिरपे बांधतात. पुष्कळ बोटींना छताच्या मध्यावर एक दोर असतो. जलपाशात क्षणभर थांबायला तो फार सोयीचा, पण रात्री त्यावर विसंबू नये. छत उंच, तिथे ओढ बसली की परिबल मोठे होते आणि बोट कलायला वेळ लागत नाही.

राहिल्या किरकोळ गोष्टी. पुलाखाली बोट बांधू नये. चार मीटरवरून टाकलेला दगड ताशी बत्तीस किलोमीटरने छतावर येतो. झोपण्यापूर्वी सुकाणूचा पितळी दांडा काढून आत ठेवतात. शक्य तर इतर बोटींच्या शेजारी मुक्काम करतात. अलीकडे माणूस जवळ येताच आपोआप पेटणारे दिवेही मिळतात. आपल्या शरीरातून सुमारे नऊ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण सतत बाहेर पडत असतात. त्यांत एकाएकी बदल झाला की दिवा लागतो. हंस गेला तरी लागतो, ही त्याची खोड!

कुलपाबद्दल मात्र सांगितलेच पाहिजे. साखळीला कुलूप घालणारे अनेक आहेत. पण रात्री नदी चढू लागली किंवा शेजारच्या बोटीला आग लागली, तर आपल्यालाच मिनिटभरात सुटून जावे लागते. अंधारात, ओल्या हाताने, पाण्याखाली गेलेले कुलूप चाचपण्याची ती वेळ नव्हे. म्हणून कुलूप घालायचेच असेल तर साखळीच्या बोटीकडच्या टोकाला घालावे, आणि त्याची किल्ली दाराच्या आतल्या बाजूला, उठल्याबरोबर हात जाईल अशा एकाच खिळ्यावर टांगावी. शेजारी एक धारदार सुरीही ठेवावी. दोराचा भाग तिनेच सुटतो.