शेक आणि केमो एकाच वेळी का?

अन्ननलिकेच्या कर्करोगाचा रुग्ण बहुधा उशिरा येतो. आधी भाकरी अडकते, मग भात, मग पेजसुद्धा. तोवर घरात पित्तावरची औषधे चालू असतात. एंडोस्कोपी होते, तुकडा तपासला जातो, मी उपचार सांगतो आणि नातेवाईक हमखास विचारतात, ‘डॉक्टर, शेक आणि केमो एकदम? माणूस आधीच अर्धा झालाय. एकेक करून देता येणार नाही का?’

प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या एका चाचणीत काही रुग्णांना नुसते किरण दिले, ६४ ग्रे इतके. इतरांना ५० ग्रेच, पण सोबत सिसप्लॅटिन आणि फ्लुरोयुरासिल ही औषधे. पहिले निष्कर्ष १९९२ मध्ये आले, पाच वर्षांचा हिशेब १९९९ मध्ये. नुसते किरण घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी कोणीच हयात नव्हते. दोन्ही घेतलेल्यांपैकी शंभरात सव्वीस होते. किरण कमी, तरी जगणारे अधिक!

याचे कारण असे, की किरण पेशीतील डीएनएचे धागे तोडतात आणि पेशी ते सांधू पाहते. सिसप्लॅटिन त्या सांधण्यातच खोडा घालते. शिवाय औषध रक्तातून फिरून दूर निसटलेल्या पेशींनाही गाठते. म्हणून शेक आज आणि केमो दोन महिन्यांनी, असे केले तर ही जोडी जमत नाही.

शस्त्रक्रिया शक्य असेल तर हे उपचार तिच्याआधीही देतात. नेदरलँड्समधल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थेट शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्मे २४ महिने जगले. आधी दोन्ही उपचार घेतलेल्यांपैकी निम्मे ४९ महिने. आपल्याकडे जास्त आढळणाऱ्या स्क्वेमस प्रकारात फायदा विशेष दिसला. ग्रंथीपेशींच्या प्रकारात मात्र आता शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर नुसती केमो देण्याकडे कल आहे.

हे सारे सोसवते का? मूत्रपिंडे कमजोर असतील, अन्ननलिकेला श्वासनलिकेत छिद्र पडले असेल, तर बेत बदलावा लागतो. इतरांना आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे यावे लागते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास गिळताना आग होऊ लागते. रोग वाढला असे समजून काही जण तेव्हाच गावी निघून जातात. ती आग बहुधा उपचाराचीच असते आणि मधला खंड फार महागात पडतो. अशा वेळी नाकातून नळी घालून घ्यावी, दूध, पेज, पातळ आहार तिच्यातून द्यावा. ताप आला तर मात्र घरी गोळी देऊन थांबू नये. पांढऱ्या पेशी घटलेल्या असू शकतात, त्याच दिवशी रुग्णालयात यावे.