विश्लेषण : फासा कोणाच्या हातात? घरचा पट, मंडई आणि डावाचे न लिहिलेले नियम

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. भाऊबीजेपासून गावोगावी दंडार, खडी गंमत आणि झाडीपट्टीची नाटके रंगतात. त्याच गर्दीच्या कडेला कुठेतरी सहा चित्रांचा पट अंथरून ‘झंडीमुंडी’चा डावही मांडलेला असतो. घरात सुट्टीला आलेली नातवंडे आजीबरोबर चिंचोक्यांवर अष्टा-चंगा खेळत असतात. नागपूर-पुण्याला शिकायला गेलेली थोरली मुले वीस बाजूंच्या फाशांचे नवे खेळ शिकून आलेली असतात. तिन्ही ठिकाणी दान पाडायचे साधन वेगळे, पण दान कसे टाकायचे याचे रिवाज सगळीकडे आहेत. त्यांतले कोणते नुसते समज आणि कोणते खेळणाऱ्याला फसवणुकीपासून वाचवणारे, याचा हा आढावा.

विदर्भाचा आणि फाशांचा संबंध किती जुना?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याची व्यथा सांगणारे एक सूक्त आहे. त्यातले फासे म्हणजे बेहड्याची फळे. त्रिफळ्यातला हा बेहडा पूर्व विदर्भाच्या जंगलात आजही आढळतो. कृत, त्रेता, द्वापर आणि कली ही युगांची नावे म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. पण वैदिक वाङ्मयात ती फाशांच्या दानांची नावे होती. कृत सर्वांत चांगले दान, कली सर्वांत वाईट.

महाभारतातील नल-दमयंतीची कथा तर थेट विदर्भाची. दमयंती ही विदर्भराज भीमाची कन्या. नळाने भाऊ पुष्कराबरोबर फासे खेळून राज्य गमावले. पुढे राजा ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे न तोडता मोजून दाखवली आणि नळाला ‘अक्षहृदय’, म्हणजे फाशांची विद्या दिली. राज्य परत मिळाले ते या विद्येमुळे. फाशांत मोजण्यासारखे काही असते, याची जाण ही कथा रचणाऱ्यांना होती.

महाराष्ट्रातील लेण्यांतही फासे आहेत. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात विधुरपंडित जातकातील द्यूताचा प्रसंग रंगवला आहे. वेरूळला एकविसाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळताना दिसतात. दिवाळीच्या पाडव्याला ‘द्यूतप्रतिपदा’ असेही म्हणतात, आणि कोजागरीच्या जागरणात अक्षक्रीडेची परंपरा सांगितली आहे.

घरच्या पटावर कोणते रिवाज पाळले जातात?

अष्टा-चंगा, चल्लस-आठ, चंफुल अशी गावागणिक नावे बदलतात, घरागणिक नियमही बदलतात. तरी काही गोष्टी बहुतेक ठिकाणी सारख्याच. चिंचोके किंवा कवड्या मुठीत खुळखुळवूनच टाकायच्या, अलगद ठेवायच्या नाहीत. एखादी कवडी दुसरीवर चढली, कशाला टेकून उभी राहिली किंवा पटाबाहेर गेली तर दान पुन्हा. दान सगळ्यांनी पाहिल्याशिवाय कवड्या उचलायच्या नाहीत. सोंगटीला हात लावला की तीच चालायची. एकाचे दान दुसऱ्याने टाकायचे नाही. आणि हरल्यावर पट उधळायचा नाही, कारण रडीचा डाव कोणालाच आवडत नाही.

‘ज्याचा डाव त्याचेच दान’ हा रिवाज वरवर क्षुल्लक वाटतो. पण महाभारतातील द्यूतसभेत नेमका याच मुद्द्यावर वाद झाला. पण लावणार दुर्योधन आणि फासे टाकणार शकुनी, असे ठरले तेव्हा एकासाठी दुसऱ्याने खेळणे बरोबर नाही, अशी हरकत युधिष्ठिराने घेतली होती. हरकत घेऊनही तो डावाला बसला. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे.

सगळ्यांनी एकच संच का वापरायचा?

याचे उत्तर चिंचोक्यांच्या गणितात आहे. चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू पांढरी आणि एक तपकिरी मिळते. असे चार तुकडे टाकले की १६ प्रकारे पडू शकतात. त्यांत दोन पांढरे येण्याचे ६ प्रकार, एक पांढरा येण्याचे ४ आणि तीन येण्याचे ४. चारही पांढरे, म्हणजे ‘चार’, येण्याचा प्रकार एकच. चारही तपकिरी, म्हणजे ‘आठ’, येण्याचाही एकच. म्हणून ही दोन दाने मोलाची. बहुतेक घरांत ती पडली की पुन्हा टाकायची संधी मिळते. सरासरी आठ वेळा टाकल्यावर दोहोंपैकी एक दान पडते.

हे गणित दोन्ही बाजू सारख्याच वेळा पडतात असे धरून केलेले आहे. प्रत्यक्षात चिंचोका असा मोजून मापून फुटत नाही आणि कवडीचा आकार तर मुळातच एकसारखा नसतो. समजा, पांढरी बाजू शंभरात ५० ऐवजी ६० वेळा पडते. मग ‘चार’ पडण्याचे प्रमाण शंभरात सुमारे ६ वरून जवळपास १३ वर जाते. चिंचोका थोडासाच कलता असला तरी मोठे दान दुपटीने पडू लागते.

तरीही घरचा डाव अन्यायाचा होत नाही, कारण तेच चार चिंचोके आजीच्या हातातून नातवाच्या हातात आणि नातवाकडून सुनेच्या हातात जातात. कल असला तरी तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो. एखाद्याने खिशातून स्वतःचे चिंचोके काढले तर मात्र डावाचा तोल गेला.

वीस बाजूंच्या फाशाचे खेळ काय आहेत?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी तयार केलेला हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या २०१६ पासूनच्या मालिकेने तो जगभरच्या तरुणांना नव्याने माहीत करून दिला. यात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र होतो. एक सूत्रधार प्रसंग सांगतो आणि पात्रे काय करतील ते खेळाडू ठरवतात. आपल्याकडच्या नाटकाशी त्याचे नाते सहज लक्षात येईल, फक्त इथे संहिता नसते. पात्राने मारलेली उडी साधली की फसली, हे फासा ठरवतो. त्यासाठी ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे फासे वापरतात.

घरच्या पटापेक्षा इथे एक मोठा फरक आहे. प्रत्येक खेळाडू आपले फासे स्वतः आणतो. साहजिकच टेबलावरचे रिवाज अधिक काटेकोर झाले. फासा कशासाठी टाकतो आहोत ते आधी सांगायचे. सूत्रधाराने सांगण्यापूर्वी टाकलेले दान धरायचे नाही. फासा सगळ्यांना दिसेल असा, शक्यतो ताटलीत टाकायचा. कलंडून टेकला किंवा जमिनीवर गेला तर पुन्हा टाकायचा. आकडा वाचला जाईपर्यंत उचलायचा नाही. दुसऱ्याच्या फाशांना न विचारता हात लावायचा नाही. सूत्रधाराला मात्र काही फासे आडोशामागे टाकण्याची मुभा अनेक ठिकाणी असते. ती चालते, कारण तो कोणाविरुद्ध जिंकायला बसलेला नसतो.

‘फासा रुसला’ म्हणतात, त्यात तथ्य आहे का?

फाशावर फुंकर घालणे, हात बदलणे, जागा बदलणे हे जुने प्रकार. नव्या खेळाडूंतही ते आहेत. कोणी फाशाची २० ची बाजू वर करून ठेवतो, म्हणजे त्याला ‘सवय’ लागेल. कोणी सतत लहान आकडे देणारा फासा शिक्षा म्हणून डबीत बंद करतो. या साऱ्याने दान बदलत नाही. फाशाला मागचे दान आठवत नाही.

आपला अंदाज चुकतो तो भलतीकडेच. लुडोत सहा वेळा फासा टाकला की एकदा तरी सहा यायलाच हवा, असे वाटते. प्रत्यक्षात सहा वेळा टाकूनही एकदाही सहा न येण्याची शक्यता शंभरात सुमारे ३३, म्हणजे तीन डावांत एकदा. वीस बाजूंचा फासा वीस वेळा टाकूनही २० न दिसण्याची शक्यता तर शंभरात सुमारे ३६. म्हणजे नशीब रुसल्यासारखे वाटते तेव्हा बहुधा साधे गणितच चालू असते.

फाशाची खरी शंका असेल तर एक घरगुती चाचणी आहे. पेल्यातल्या पाण्यात फासा तरंगेल इतके मीठ विरघळवायचे आणि तो बोटाने पुन:पुन्हा फिरवून सोडायचा. दर वेळी तीच बाजू वर येत असेल तर फाशाचे वजन एका बाजूला आहे. फुंकर मारण्यापेक्षा ही खात्री बरी. धातूचे आणि जड फासे मात्र यात बुडतात.

झंडीमुंडीत नेमके काय घडते?

झंडीमुंडीत सहा फासे असतात. प्रत्येकाच्या सहा बाजूंवर पत्त्यांचे चार रंग, झेंडा आणि मुंडके. पटावरच्या एका चित्रावर पैसे लावायचे. मालक फासे डब्यात हलवून पालथे घालतो. सर्वसाधारण प्रघात असा की, तुमचे चित्र एकाही फाशावर नसले किंवा एकाच फाशावर आले तर पैसे मालकाचे. दोन फाशांवर आले तर दुप्पट, तिनांवर आले तर तिप्पट, असे पैसे तुम्हाला.

ऐकायला हे फायद्याचे वाटते. सहा फासे, सहा चित्रे, आपले चित्र कुठेतरी येणारच. पण सहा फासे ४६,६५६ प्रकारे पडू शकतात. त्यांपैकी ३४,३७५ प्रकारांत तुमचे चित्र एकदा येते किंवा येतच नाही. म्हणजे शंभरातले सुमारे ७४ डाव मालकाचे. उरलेल्या डावांतली दुप्पट-तिप्पट जमेस धरली तरी लावलेल्या दर १०० रुपयांमागे सरासरी १४ रुपये मालकाकडे जातात. हे फासे पूर्ण प्रामाणिक असताना. फासे कलते असतील किंवा डबा उचलताना हातचलाखी झाली तर तोटा कितीही वाढू शकतो.

घरच्या पटाशी तुलना केली की फरक समोर येतो. इथे फासे मालकाचे, टाकणारा मालक, झाकणारा मालक आणि प्रतिस्पर्धीही मालकच. फासे हातात घेऊन पाहण्याची मुभा नाही. घरी जे रिवाज सहज पाळले जातात, त्यांतला एकही इथे लागू होत नाही.

यावर जुना आणि नवा कायदा काय सांगतो?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूतावर देखरेख ठेवणारा द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. द्यूत ठरलेल्या जागीच खेळायचे, अन्यत्र खेळल्यास १२ पण दंड. शुद्ध फासे आणि कवड्या द्यूताध्यक्षाने पुरवायच्या. त्या बदलल्या तर पुन्हा १२ पण दंड. जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राज्याचे. फासे खेळणाऱ्यांपैकी कोणाचेच नसावेत, ते तिसऱ्याने द्यावेत, ही यातली कळीची गोष्ट.

आजच्या महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. निव्वळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळले आहेत. झंडीमुंडीत कौशल्य नावालाही नाही, त्यामुळे पैसे लावून तो मांडणे आणि खेळणे दोन्ही गुन्हा. पैसे न लावता घरी चालणारा सारीपाट, लुडो किंवा भूमिका-खेळ यांचा या कायद्याशी संबंध येत नाही.

मग मोबाइलवरच्या फाशाचे काय?

आपल्या पचिशीतून घडलेल्या लुडोचे पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये घेतले गेले. मोबाइलवर आल्यावर, विशेषतः २०२० च्या टाळेबंदीत, लुडो घराघरांत पोहोचला. पण पडद्यावर लोळताना दिसतो तो फासा नव्हे, फाशाचे चित्र असते. आकडा संगणकाने आधीच निवडलेला असतो. तो कसा निवडला हे खेळणाऱ्याला पाहता येत नाही. गंमत म्हणून खेळताना याने काही बिघडत नाही. पैसे लागले की मात्र हा झाकलेला डबाच झाला. संसदेने २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. कौशल्य की नशीब, हा भेद त्यात ठेवलेला नाही. खेळाचे नाव कोणतेही असो, ‘आधी पैसे भरा, मग जिंका’ असा निरोप फोनवर आला तर त्यापासून दूर राहणे हिताचे.

डावाला बसण्यापूर्वी काय पाहावे?

चार प्रश्न पुरेसे आहेत. फासे सगळ्यांसाठी तेच आहेत का, आणि वेगळे असतील तर हातात घेऊन पाहता येतात का? दान उघड्यावर पडते का? फासे टाकणाराच आपल्याविरुद्ध पैसे लावून बसला आहे का? आणि हरल्यावर उठून जायची मोकळीक आहे का? घरच्या पटावर या प्रश्नांची उत्तरे कोणी विचारत नाही, कारण आजीने ती केव्हाच नियम म्हणून शिकवलेली असतात. मंडईत पट दिसला किंवा मोबाइलवर फासा लोळला, की तेच नियम तिथे लावून पाहावेत.