सूर्यास्तापूर्वीचे बँकॉक

बँकॉक जागे होते ते रात्री, असे तेथे जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो. याओवारात या जुन्या चिनी वस्तीत दिवेलागणीनंतर पदपथांवर चुली पेटतात, लाल-पिवळ्या अक्षरांच्या पाट्या उजळतात आणि चालायलाही जागा उरत नाही. अशा शहरात रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळणाऱ्या तरुणीने पाठीवर पिशवी घेऊन आठ दिवस हिंडायचे ठरवले, तेव्हा सांगलीच्या तिच्या सासरी पहिला प्रश्न उमटला तो अर्थातच, “तिथे खाणार काय?”

नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झालेले हे दांपत्य. लग्नाला चार वर्षे झालेली. स्वयंपाकी महाराजांना बरोबर घेऊन जाणाऱ्या सहली दोघांनाही नको होत्या. शहर पाहायचे तर त्याच्या गल्ल्यांतून, त्याच्याच बोटींतून पाहावे, यावर त्यांचे एकमत होते. मतभेद होता तो वेगळ्याच बाबतीत. तिचा नियम लग्नाआधीपासूनचा. त्याचा तसा कोणताही नियम नाही. पुण्यात ती साडेसहाला जेवते, तो नऊला, आणि मधले अंतर घरातल्या कामांत दिसेनासे होते. परक्या शहरात, एकाच खोलीत, ते दिसल्यावाचून राहणार नव्हते.

फेब्रुवारीच्या आरंभी ते तेथे पोहोचले. प्रत्येकाच्या पाठीवर आठ किलोंचे ओझे. त्यात खाखरे, भाजके पोहे, मेतकूट आणि जवसाची चटणी. मुक्काम फ्रा आथित धक्क्याजवळच्या एका गल्लीत, पंख्याच्या खोलीत. जगभरच्या पाठपिशवीवाल्यांचे माहेरघर झालेला खाओ सान रस्ता तेथून हाकेच्या अंतरावर. ‘खाओ सान’ म्हणजे सडलेला तांदूळ; एके काळी येथे तांदळाचा बाजार भरे. आज रात्री तेथे कानठळ्या बसवणारे संगीत असते. सकाळी सहाला मात्र त्याच भागात अनवाणी भिक्षू पात्र घेऊन फिरताना दिसतात. मध्यान्हानंतर हे भिक्षू अन्न घेत नाहीत, हे कळल्यावर तिला ते शहर एकदम कमी परके वाटले.

भाषाही तशीच. १७८२ मध्ये पहिल्या रामाने वसवलेल्या या राजधानीचे संपूर्ण औपचारिक नाव जगातील सर्वांत लांब स्थलनामांपैकी एक. पण ते सावकाश उच्चारले की त्यात ‘महानगर’, ‘अमर’, ‘नवरत्न’ असे ओळखीचे शब्द निघतात. शाकाहाराला थाई शब्द आहे ‘मांगसाविरत’, म्हणजे आपले मांसविरती. परंतु त्या शब्दावर विसंबून चालत नाही; त्यात अंडे येते, लसूण येते, आणि बेसावध राहिल्यास माशांपासून केलेले ‘नाम प्ला’ही येते. खरा आधार ‘जे’ या छोट्या शब्दाचा. पिवळ्या पताकेवर लाल रंगात लिहिलेली ती अक्षरे इंग्रजी सतराच्या आकड्यासारखी दिसतात. ‘जे’ अन्नात मांस, मासे, अंडी, दूध नसतेच, शिवाय कांदा, लसूण आणि तशा उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य असतात. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस अर्धे शहर हे व्रत पाळते. एरवीही अशी दुकाने शोधल्यास सापडतात. कंदमुळे आणि अळंबी मात्र त्यांना चालतात. म्हणून तिने एका कागदावर बटाटा, गाजर, मुळा आणि अळंबी यांची चित्रे काढून त्यांवर फुल्या मारल्या. तो कागद पाहून विक्रेत्या बायका हसत, आणि मग मनापासून निवडून वाढत.

दुपारपर्यंत सारे सुरेख चाले. सेन सेप कालव्याच्या बोटीत पाणी उडू लागले की प्रवाशांनीच बाजूचा ताडपत्रीचा पडदा दोरीने वर ओढायचा, हे ती पहिल्याच फेरीत शिकली. वाट फोमध्ये ४६ मीटर लांबीच्या शयनस्थ बुद्धापुढे दोघेही बराच वेळ उभे राहिले. मूर्तीच्या तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावकामात १०८ शुभचिन्हे आहेत. दिवसाची गाठ अडे ती संध्याकाळी. साडेपाचला ती जेवून घेई. तेव्हा भारतात चार वाजलेले असत आणि त्याला भूक नसे. सहा वाजता उद्यानांत आणि स्थानकांवर राष्ट्रगीत लागते. लुम्पिनी उद्यानात धावणारे शेकडो लोक त्या क्षणी जागच्या जागी थांबले, तशी हीही दोघे थांबली. गीत संपले, लोक धावू लागले, आणि तो म्हणाला, “तुझा दिवस संपला. माझा आता सुरू होतो.”

चौथ्या रात्री ती त्याच्याबरोबर याओवारातला गेली. टांगलेली बदके, पाण्याच्या पेट्यांतले जिवंत मासे, तव्यांवरचा धूर. वीस मिनिटांत ती परत फिरली. तिच्या मागोमाग तोही, न जेवता. खोलीवर जे बोलणे झाले त्यात अन्नाचा विषय फारसा नव्हता. चार वर्षांत कोण कोणासाठी किती थांबले, याचा तो हिशेब होता.

दुसऱ्या सकाळी तो एकटाच बाहेर पडला. राजवाड्याजवळ एका नीटनेटक्या गृहस्थाने त्याला सांगितले की आज धार्मिक सुट्टी आहे, राजवाडा बंद आहे. वीस बाटांत टुकटुक ठरवून दिली. वाटेतल्या एका छोट्या मंदिरात दुसरा गृहस्थ भेटला. त्याने नीलमांच्या ‘सरकारी’ सवलतीची आजची शेवटची संधी असल्याचे सांगितले. दुकानात चाळीस हजार बाटांचा सौदा ठरत आला. याच्या मामांची सराफी पेढी. आपल्याला रत्नातले कळते, हा विश्वास होता. पैसे दोघांच्या खात्यातले, म्हणून त्याने तिला फोन लावला.

तिने दराविषयी काहीच विचारले नाही. “राजवाड्याचं दार बंद आहे, हे तू स्वतः पाहिलंस का?” एवढेच विचारले.

त्याने पाहिले नव्हते. तो उठला. राजवाड्याचे दार उघडेच होते आणि आत गर्दी होती. ही फसवणूक बँकॉकमध्ये इतकी जुनी आहे की प्रवासमार्गदर्शक पुस्तकांतून तिच्याविषयी इशारे छापलेले असतात. तरीही ती रोज चालते, कारण दारापर्यंतची शंभर पावले कोणी चालत नाही. सिलोम भागात रत्नांचा खरा व्यापार चालतो, त्यात अनेक जैन कुटुंबे आहेत आणि त्यांचे मंदिरही तेथे आहे. दुपारी दोघे दर्शनाला गेली, तेव्हा तेथल्या एका वृद्ध व्यापाऱ्याने हसून सांगितले, “आमचं गिऱ्हाईक टुकटुकमधून येत नाही, बाळ.”

शेवटच्या दिवशी पाच वाजता था तियेन धक्क्यावर दोघांनी नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा वाटून खाल्ला. समोर नदीपलीकडे वाट अरुण. नाव अरुणोदयाचे, पण पूर्वेच्या काठावरून त्याचे रूप खुलते ते मावळतीला. अंधार होईपर्यंत ती दोघे तेथेच बसली.

रात्री नऊला तो एकटा याओवारातला जेवायला गेला. ती पिशव्या भरत राहिली. परतला तेव्हा त्याच्या हातात दोन अखंड पेरू होते. विमान सकाळी दहाचे होते आणि सूर्योदय पावणेसातच्या सुमारास.