साच्यातील चलव्याप्ती व नामावकाश

ज्या संहितेत जालपृष्ठाचा स्थिर भाग लिहिलेला असतो व बदलत्या माहितीसाठी चलांची नावे घालून जागा राखलेल्या असतात, तिला साचा किंवा टेंप्लेट म्हणतात. पृष्ठ मागविले जाताच साचा-यंत्रणा प्रत्येक नावाच्या जागी त्याचे मूल्य भरते. आज्ञावलीच्या ज्या भागात एखादे नाव विशिष्ट चलाचा बोध करून देते, तो भाग म्हणजे त्या चलाची व्याप्ती किंवा स्कोप होय. नावांच्या ज्या स्वतंत्र संचात प्रत्येक नावास एकच अर्थ असतो, त्यास नामावकाश किंवा नेमस्पेस म्हणतात.

या कल्पना व्यवहारातही आढळतात. मंगळवार पेठ कोल्हापुरात आहे, तशी पुण्यातही आहे. शहरात पत्ता सांगताना पेठेचे नाव पुरते; परगावाहून पत्र पाठविताना मात्र शहराचे नाव जोडावे लागते. येथे शहर हा नामावकाश होय. त्याचप्रमाणे ‘करवीर’ हे कोल्हापूरचे प्राचीन नाव असून जिल्ह्यातील एका तालुक्याचेही नाव आहे. माणसास योग्य अर्थ संदर्भाने कळतो. संगणकास तो नियमांनी ठरवून द्यावा लागतो.

इतिहास : अल्गॉल ६० या भाषेने १९६० मध्ये खंडरचना व खंडापुरती स्थानिक नावे रूढ केली. बाहेरील खंडातील नाव आतील खंडात दिसते. परंतु त्याच नावाचे नवे चल आत घोषित केल्यास बाहेरील चल तेवढ्यापुरते झाकले जाते. एक्सएमएलमधील नामावकाशांची शिफारस १९९९ मध्ये झाली. पीएचपी भाषेत नामावकाश ५.३ या आवृत्तीत (२००९) आले.

दोषांचे प्रकार : कोल्हापूर जिल्ह्याच्या बारा तालुक्यांतील गावांची संख्या दाखविणारे पृष्ठ उदाहरणादाखल घेता येईल. (१) आवर्तनापूर्वी ‘एकूण’ हे चल शून्य ठेवून प्रत्येक फेरीत त्यात भर घातली, तरी जिंजा यंत्रणेत शेवटी शून्यच छापले जाते. कारण फेरीत दिलेले मूल्य त्या फेरीपुरतेच टिकते. २.१० या आवृत्तीत (२०१७) यासाठी ‘नेमस्पेस’ ही स्वतंत्र सोय करण्यात आली. (२) जिल्हा व तालुका या दोहोंसाठी ‘नाव’ हेच चल योजल्यास आवर्तनात जिल्ह्याचे नाव झाकले जाते व ‘जिल्हा : कागल’ असा चुकीचा मजकूर उमटतो. (३) पीएचपीमध्ये बाहेरील चल फलनाच्या आत आपोआप दिसत नाही. फलनात समाविष्ट केलेल्या साच्यासही तीच मर्यादा लागू पडते. (४) एक्सएसएलटी १.० मध्ये मूळ दस्तऐवजास पूर्वनिर्धारित नामावकाश असल्यास उपसर्गाविना लिहिलेले नाव त्यातील घटकांशी जुळत नाही आणि साचा लागूच होत नाही.

परिणाम : जिंजा, जँगो इ. यंत्रणा अज्ञात नावाच्या जागी सामान्यतः रिकामी जागा सोडतात. पृष्ठ बंद पडत नाही, त्यामुळे चूक ध्यानात येत नाही. शून्य बेरीज वाचकास खरी वाटू शकते. व्याप्तीतील ढिलाई सुरक्षिततेसही बाधक ठरते. पीएचपीतील ‘रजिस्टर ग्लोबल्स’ या सोयीमुळे पृष्ठाच्या पत्त्यात लिहिलेले नाव थेट सार्वत्रिक चल होत असे. प्रवेशाधिकार दर्शविणाऱ्या चलास आरंभीचे मूल्य दिलेले नसल्यास परक्या व्यक्तीस ते बाहेरून भरता येई. ही सोय २००२ मध्ये मूळ मांडणीत बंद करण्यात आली व ५.४ या आवृत्तीत (२०१२) काढून टाकण्यात आली.

निदान व उपाय : प्रथम यंत्रणा कडक पद्धतीने चालवावी, म्हणजे अज्ञात नाव आढळताच दोषसूचना मिळते. नंतर संशयित चलाचे मूल्य आवर्तनापूर्वी, आवर्तनात व आवर्तनानंतर छापून पाहावे. ज्या सीमेवर मूल्य हरवते किंवा बदलते, तेथे दोष असतो. उपसाच्यास लागणारी मूल्ये नावानिशी द्यावीत; ‘जिल्हा_नाव’, ‘तालुका_नाव’ अशी भेददर्शक नावे योजावीत. बेरजेसारखी गणिते साच्यात न करता मूळ आज्ञावलीत करून त्यांचे फलित साच्याकडे सोपविणे श्रेयस्कर होय. त्यामुळे साच्याकडे केवळ मांडणीचे काम उरते व व्याप्तीचे बहुतेक दोष उद्भवतच नाहीत.